अंड्याला सुटलेला घाम

सुरी फिरली, एग कॅसरोलचा पहिला चौकोन उचलला गेला आणि ट्रेच्या रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात हळूहळू पाणी साचायला लागलं. पिवळसर, पातळ. कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं एक घर, २०२६ची २६ जानेवारी, वेळ सकाळी साडेअकराची. झेंडावंदनाहून आलेली पोरं गणवेशातच फरशीवर फतकल मारून बसलेली. टेबलाच्या मधोमध जिलेबीचा पुडा उघडलेला, कारण जिलेबीशिवाय या गावात २६ जानेवारी उजाडतच नाही. चौकोन ताटलीत आला, त्याच्यामागून ते पाणीही आलं आणि जिलेबीच्या पाकाला जाऊन मिळालं. पाहुणे काही बोलले नाहीत. "भारी झालंय," असं एकजण म्हणाला, पण घास घ्यायच्या आधीच म्हणाला. आज्जींचा सोमवार. त्या दोन हात लांब खुर्ची टाकून शाबूची खिचडी खात होत्या. चष्मा जरा खाली ओढून त्यांनी ट्रेकडे बघितलं आणि सुनेला विचारलं, "अंड्याला घाम सुटलाय की ग. चिकात दूध किती घातलंस?"

सगळे हसले. खरवसाचा प्रश्न अंड्याला विचारला म्हणून.

पण त्या ट्रेत जे बिघडलं होतं त्याबद्दल त्या सकाळी विचारला गेलेला तेवढा एकच प्रश्न बरोबर होता, आणि विचारणाऱ्या बाईनं एग कॅसरोल जन्मात चाखलेलं नव्हतं. ही गोष्ट डोक्यातून जाता जात नाही.

नावापासूनच घोळ आहे म्हणा. आपल्याकडे कॅसरोल म्हणजे चपात्यांचा डबा. आमंत्रणाच्या मेसेजमध्ये 'एग कॅसरोल' वाचून एका मामांनी अंडी गरम ठेवायला डबा कशाला लागतो, असं विचारलंही होतं. मूळ फ्रेंच शब्द भांड्याचाच. पुढे त्या भांड्यात शिजणाऱ्या पदार्थालाही तेच नाव पडलं. अमेरिकेत नाताळच्या नाहीतर ईस्टरच्या सकाळी घरोघरी हा प्रकार होतो. पसरट भांड्यात पावाचे तुकडे, त्यावर चीज, परतलेली भाजी किंवा मांस, वरून फेटलेली अंडी आणि दूध. रात्री लावून फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी ओव्हनमध्ये सरकवायचं. सोय एवढीच, पण फार मोठी. बारा माणसांना ऑमलेट घालायचं तर घरधनीण तव्यापाशी अडकून पडते आणि पहिल्याचं खाऊन होईस्तोवर बाराव्याचा नंबर लागत नाही. इथं सगळ्यांचं एकदम. सकाळी झेंडावंदनाला जाऊन आल्यावर अकराच्या न्याहारीला यापेक्षा सोयीचं काही सुचत नाही, हे कबूल करायला हवं. पोहेसुद्धा थंड झाले की कोरडे पडतात.

तर खरवस. चीक म्हणजे प्रथिनांनी गच्च भरलेलं दूध. त्याला वाफ लागली की ती प्रथिनं उलगडतात, एकमेकांत अडकतात, त्यांचं जाळं विणलं जातं आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवलं जातं. म्हणून खरवस थरथरतो पण सांडत नाही. अंड्याचंही हेच. पांढरं ६२ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, पिवळं ६५ ते ७० अंशांना. त्यात दूध मिसळलं की प्रथिनं विरळ होतात, एकमेकांना सापडायला वेळ लागतो आणि मिश्रण धरायला जवळजवळ ८० अंश लागतात. त्याच्याही पुढे तापवत राहिलं तर जाळं आवळत जातं आणि धरून ठेवलेलं पाणी ओल्या फडक्यासारखं पिळून बाहेर टाकतं. जास्त उकडलेल्या खरवसाला जी भोकं पडतात आणि खाली जे पाणी उतरतं, ते हेच. पहिल्या धारेचा चीक भरपूर दूध पेलतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा कमी. जुन्या बायका आधी एका वाटीत चमचाभर उकडून बघतात आणि मग दूध वाढवतात. अंड्याला अशी पहिली धार, दुसरी धार नसते. त्याचं प्रमाण ठरलेलं आहे, पण ते पाळावं लागतं.

मात्र घाम सगळा एका जातीचा नसतो. ताटलीत उतरलेल्या पाण्याचा रंग बघितला की चूक कुठं झाली ते कळतं. पाणी लालसर असेल तर टोमॅटोचं. राखाडी-तपकिरी असेल तर मशरूमचं. हिरवट असेल तर पालकाचं. या भाज्यांत वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, आणि कच्च्या घातल्या तर अंडं आवळायच्या आधीच त्या ते सोडून मोकळ्या होतात. दुधाळ, पांढरट पाणी म्हणजे मध्यभाग कच्चा राहिला, नाहीतर दूध जास्त झालं, नाहीतर पाव भिजायला वेळच मिळाला नाही. आणि पिवळसर, स्वच्छ पाणी असेल, तुकड्याच्या कडेला सुईनं टोचल्यासारखी भोकं असतील, तोंडात रबरासारखं लागत असेल, तर ते जास्त भाजलेलं अंडं. राजारामपुरीतल्या त्या ट्रेत पिवळसर जास्त आणि राखाडी थोडं होतं. म्हणजे आच मोठी झाली, आणि मशरूमही घाईत पडले.

आता माप. अमेरिकेतल्या बहुतेक कृती नऊ बाय तेरा इंचाच्या भांड्यासाठी असतात. ते भांडं कडेच्या कानांसकट आपल्या २५-३० लिटरच्या ओटीजीमध्ये, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, बऱ्याचदा बसत नाही, आणि हे रात्री सगळं लावून झाल्यावर कळतं. म्हणून आधी रिकामं भांडं ओटीजीत ठेवून दार लावून बघायचं. घरगुती ओटीजीला आठ इंची चौकोनी भांडं बरं. दोन लिटर मावतं, सहा माणसांना पुरतं. बारा माणसं असतील तर दोन भांडी करावीत, एक मोठं करू नये. मोठ्या भांड्यात कडा रबर होईपर्यंत मधलं कच्चं राहतं. दुसरी गोष्ट अंड्यांची. तिकडच्या कृतीतलं 'लार्ज' अंडं टरफल काढून पन्नास ग्रॅमचं असतं. आपल्याकडे दुकानात मिळणारं पुष्कळदा टरफलासकट पन्नासच्या आसपास भरतं, आत चव्वेचाळीस-पंचेचाळीस. सहा अंडी लिहिली असतील तर आपली सात घ्यायची. सोडून द्यावा इतका हा फरक किरकोळ नाही. एक अंडं कमी पडलं की तेवढंच दूध अनाथ होतं आणि ताटलीत उतरतं.

तर आठ इंची भांड्याला सात अंडी, ३०० मिलिलिटर दूध, २०० ग्रॅम पाव, १०० ग्रॅम किसलेलं चीज आणि परतून झाल्यावर दीडशे ते दोनशे ग्रॅम भरेल इतकी भाजी किंवा मटण. दूध म्हशीचं. इथं कोल्हापूर जिंकतं. तिकडच्या कृतीत दुधात निम्मी मलई ओतायला सांगतात, कारण त्यांचं गाईचं दूध साडेतीन टक्के स्निग्धांशाचं. आपल्या म्हशीच्या दुधात तो सहा-सात टक्के असतो आणि प्रथिनंही जास्त असतात, त्यामुळे वेगळी मलई लागत नाही. गंगावेशीत समोर धार काढून मिळणारं दूध आणा नाहीतर पिशवीतलं, उकळून पूर्ण गार करायचं आणि साय काढून ठेवायची. साय मिश्रणात राहिली तर वर तरंगते आणि तिथं तपकिरी चामड्यासारखा पट्टा येतो. कढत दूध अंड्यावर ओतण्याचा मोह घाईत होतोच. त्याची तिथल्या तिथं पातळ बुर्जी होते आणि मग गाळणीशिवाय उपाय उरत नाही.

पावाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथंच बहुतेक ट्रे हरतात. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड मिळतो हे बाहेरगावच्यांना खटकतं. इथल्यांना माहीत आहे की तो स्लाइस मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, ओढून घेतो आणि तरी हातात धरता येतो. कॅसरोलला नेमका हाच गुण हवा. पण ताजा ब्रेड नको. ताज्या ब्रेडमध्ये स्वतःचंच पाणी भरपूर असतं. तो दूध पीत नाही, त्यात विरघळतो, आणि खाली खिरीसारखा थर बसतो. दोन दिवसांचा शिळा घ्यावा, नाहीतर ताज्याचे इंचभराचे तुकडे करून १३० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं सुकवावेत. रंग यायला नको, फक्त बोटानं दाबल्यावर कडक लागायला हवा. गोडसर मिल्क ब्रेड आणि चहाचे टोस्ट अजिबात चालत नाहीत. चटणीच्या शेजारी तो गोडवा विचित्र लागतो. वर कुरकुरीत काही हवं असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत मूठभर खारी चुरून टाकावी. तिच्यात तूप-लोणी आधीच असतं, वेगळं लोणी लागत नाही.

चटणी म्हणजे अर्थातच कांदा-लसणाची. ती अंड्याच्या मिश्रणात कोरडी मिसळली तर रात्रभरात तळाला जाऊन बसते आणि सकाळी वरचा थर फिका, खालचा जाळ. शिवाय तिच्यातलं खोबरं-तीळ कच्चट लागतात. एक मोठा कांदा बारीक चिरून दोन चमचे तेलात लालसर करायचा, गॅस बारीक करून दीड चमचा चटणी त्यात अर्धा मिनिट परतायची, तवंग दिसला की उतरायची. मशरूम, ढबू मिरची, पालक जे काही असेल ते वेगळं, मोठ्या आचेवर, कढई भरून न टाकता. मशरूमचं पाणी सुटतं, मग आटतं, मग कढईतला चर्र आवाज बदलून कोरडा होतो. त्या आवाजापर्यंत थांबायचं. पालक परतून गार करून मुठीत पिळायचा. टोमॅटो घालायचाच असेल तर आतला गर आणि बिया काढून. जानेवारीत मटार कोवळे असतात, त्यांचा त्रास नाही. आणि आदल्या दिवशी रविवार असेल, जसा यंदा होता, तर सुक्कं मटण उरलेलं असतंच. त्याच्यासारखं दुसरं सारण नाही. हाडं काढून मटण बोटांनी मोकळं करावं, फ्रिजमध्ये गार होऊ द्यावं आणि वर गोठलेली चरबी चमच्यानं काढून टाकावी. ती राहिली तर भाजताना वर तरंगून येते आणि अंड्याला पावापर्यंत पोचू देत नाही.

चीज साधं क्यूबचं किसून घ्यावं. ते वितळून तार धरत नाही, पण तेलही सोडत नाही. मोझरेलाची तार दिसायला छान, पण त्यातही पाणी असतं. पनीरचा तर विचारच सोडावा. ते वितळत नाही आणि तेही घाम गाळतं.

मिश्रण फेटताना जोर लावायचा नाही. ऑमलेटला फेस चांगला, इथं तोच फेस भोकं पाडतो आणि कॅसरोल ओव्हनमध्ये टम्म फुगून बाहेर येताच बसतं. काट्यानं पिवळं-पांढरं एकजीव होईल इतपतच ढवळायचं, मग दूध, मिरपूड आणि पाऊण चमचा मीठ. मीठ कमी वाटेल, पण चीज, ब्रेड, चटणी आणि सुक्कं चौघंही आपापलं मीठ घेऊन आलेले असतात. खात्री करायची असेल तर चमचाभर मिश्रण तव्यावर शिजवून चाखावं, चिकाच्या वाटीसारखं. भांड्याला लोणी लावून निम्मा पाव, त्यावर सारण आणि तीनातले दोन भाग चीज, मग उरलेला पाव, मग मिश्रण सगळीकडून सावकाश ओतायचं. उलथन्यानं हलकं दाबायचं, म्हणजे वरचे तुकडेही भिजतात. उरलेलं चीज सकाळसाठी. झाकून फ्रिजमध्ये आठ-दहा तास. जानेवारीची थंडी आहे म्हणून ओट्यावर ठेवायचा विचार काही जण करतात. कोल्हापूरची थंडी कितीही वाजली तरी ती फ्रिजची नव्हे, आणि कच्चं अंडं-दूध पाच अंशांच्या वर रात्रभर ठेवणं म्हणजे पाहुण्यांना दवाखान्याचं आमंत्रण.

सकाळी भांडं बाहेर काढून अर्धा तास ठेवायचं. काचेचं असेल तर हे चुकवूच नये. फ्रिजमधलं गार काचेचं भांडं तापलेल्या ओटीजीत गेलं की तडकू शकतं, आणि मग न्याहारी काचेसकट. ओटीजी १५ मिनिटं आधी तापवायचा, दोन्ही कॉइल लावून, जाळी मधल्या खाचेत. काचेला १६० अंश, पत्र्याला १७५. पहिली तीस मिनिटं वर फॉइल, मग फॉइल काढून चीज पसरून आणखी पंधरा-वीस मिनिटं. वेळेवर फार विसंबू नये, कारण आकड्यावर १६० असताना आत १९० निघणारे ओटीजी पुष्कळ आहेत. भांडं हलवून बघायचं. कडा स्थिर आणि मधला तळहाताएवढा भाग खरवसासारखा थरथरत असेल तर झालं. लाटेसारखा हलत असेल तर नाही. सुरी मध्यापासून इंचभर बाजूला खुपसली तर ओली पण दुधाशिवाय बाहेर यायला हवी. तापमापक असेल तर मध्यभागी ७५ ते ८० दिसलं की काढायचं. अमेरिकेत अंड्याच्या पदार्थांना किमान ७१ अंश सांगितलेले आहेत, म्हणजे सुरक्षितपणाची हद्द आपण ओलांडलेली असते. मध्येच वीज गेली तर दार उघडून बघायचं नाही. आतली ऊब काही मिनिटं काम चालू ठेवते, लाइट आल्यावर वेळ वाढवून द्यायचा.

ओटीजी नसेल तर? इथं आज्जींचीच पद्धत. कुकरमध्ये तळाला पाणी, वर जाळी, शिट्टी काढलेली, आच बारीक. भांड्यावर ताटली, आणि ताटलीला फडकं गुंडाळलेलं, म्हणजे झाकणाचं पाणी आत टपकत नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. वर तपकिरी रंग येत नाही, पण वड्या पाडून तव्यावर तुपात एका बाजूनं खरपूस केल्या तर माझ्या मते त्या ओव्हनच्या तुकड्यापेक्षा चवीला सरस लागतात. दिवाळीत नानकटाईचे पत्रे घेऊन बेकरीवर भाजायला नेतात तसं हे नेता येईल का, असं कुणीतरी विचारतंच. भट्टीची आच याला फार तेज, आणि अंडं म्हटल्यावर काही बेकरीवाले दारातूनच हात जोडतात.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं त्याला हात लावायचा नाही. या वेळात आतली उष्णता मध्यापर्यंत पोचते, जाळं घट्ट बसतं आणि मोकळं फिरणारं पाणी पावात परत जातं. त्या घरात बाकी काही नसतं केलं आणि एवढं केलं असतं तरी निम्मं पाणी वाचलं असतं. पण तिथली खरी अडचण वेगळीच होती. 'दहाला या' सांगितलं होतं. कोल्हापुरात दहा म्हणजे साडेअकरा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी यजमान दहालाच तयार असतात. दहाला झालेला ट्रे गार पडू नये म्हणून दीड तास चालू ओटीजीत बसला. तिथंच जाळं आवळत गेलं. कॅसरोल वाट बघत नाही. पाहुण्यांनी वाट बघावी. पहिला माणूस जिना चढला की ओटीजी लावायचा, तोवर जिलेबी आहे, चहा आहे, मुलं झेंडावंदनाला कुणाची टोपी उडाली ते सांगत असतात.

त्या ट्रेतले तीन चौकोन उरले. सुनेनं ते वेळेत डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले. सोमवार गेला, मंगळवार अंबाबाईचा. बुधवारी दुपारी आज्जींनी स्वतःच डबा काढला. मायक्रोवेव्ह त्यांना चालत नाही, आणि ते बरंच, कारण त्यात उरलंसुरलं पाणीही बाहेर आलं असतं. लोखंडी तव्यावर तूप, बारीक आच, वर झाकण. खालून तांबूस होऊन तुकड्यातून चांगली वाफ निघेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या. पाणी तव्यावरच आटून गेलं होतं. उभ्याउभ्या एक घास खाल्ला, जरा थांबल्या, दुसरा खाल्ला. सुनेनं दारातून विचारलं, "कसं लागतंय?"

"बरं आहे की. वेलदोडा तेवढा विसरलीस."